गाडी खाली घ्या, पण स्प्रिंग कापून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडला संध्याकाळी खाली घेतलेल्या, म्हणजे स्प्रिंग बदलून किंवा कापून उंची कमी केलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात आणि त्यावर लोकांची मतं दोनच, एक म्हणजे पोरं वाया गेलीत गाड्या जप्त करा, दुसरं म्हणजे गाडी माझी पैसा माझा तुम्हाला काय. गाडी नेमकी किती खाली घ्यावी, कशी घ्यावी, त्याने हँडलिंग, म्हणजे वळणात गाडीवरचा ताबा, खरंच सुधारतं का, हे कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र. मी सातपूरला व्हील अलाइनमेंटचं काम करतो, अशा गाड्या रोज समोर येतात, काहींना तर रॅम्पवर घ्यायच्या आधी चाकाखाली फळ्या टाकाव्या लागतात.

आधी फायदा किती ते बघू. वळणात गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं आणि ते किती जाणार हे गाडीचं वजनकेंद्र किती उंच आहे आणि दोन चाकांमधलं अंतर किती आहे यावर ठरतं. साध्या हॅचबॅकचं वजनकेंद्र जमिनीपासून साधारण 500 ते 600 मिमीवर असतं. गाडी 30 मिमी खाली घेतली म्हणजे बाहेर जाणारं वजन पाच-सहा टक्क्यांनी कमी झालं, बस. हे काही कमी नाही पण जे लोक म्हणतात ना की खाली घेतली आणि गाडी रस्त्याला चिकटली, त्यातला मोठा भाग कडक स्प्रिंगचा आणि चांगल्या शॉकअपचा (स्प्रिंगची उसळी दाबणारा दांडा) असतो, उंचीचा थोडाच.

आणि 30 च्या जागी 60 घेतली तर दुप्पट फायदा असं अजिबात नाही, उलट गाडी बिघडते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र उभे आणि खाली चाक धरणारा एक दांडा, तो लोअर आर्म. कंपनीतून गाडी येते तेव्हा लोअर आर्म जवळपास आडवा किंवा चाकाकडे जरा उतरता असतो, गाडी फार खाली घेतली की तो चाकाकडे चढता होतो आणि ज्या बिंदूभोवती बॉडी कलंडते तो रोल सेंटर वजनकेंद्रापेक्षाही जास्त खाली जातो, म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं आणि बॉडीला कलंडायला जास्त जोर मिळतो. मग स्प्रिंग त्या मानाने कडक नसली तर खाली घेतलेली गाडी कसाऱ्याच्या वळणात कंपनीच्या गाडीपेक्षा जास्त झुकते. शिवाय स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग न फिरवताच चाकाची दिशा जराशी बदलते. हे हायवेच्या स्पीडला फार वाईट.

सगळ्यात राग येतो तो स्प्रिंग कापण्याचा. काही गॅरेजवाले ग्राइंडर घेतात, एक-दीड वेढा कापतात, झालं काम. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं पण कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही, आणि जॅकवर गाडी उचलली की स्प्रिंग मोकळी होऊन हाताने फिरते. चालत्या गाडीत एखाद्या मोठ्या उंचवट्यावरून चाक लटकलं तर तेच होतं, परत बसताना ती जागेवर बसेलच याची गॅरंटी कोण देणार. काही जण तर गॅसने तापवून स्प्रिंग खाली दाबून बसवतात, त्यात पोलादाचं पाणीच उतरतं. आणि शॉकअप तोच जुना, त्याचा रॉड आता कायम आत शिरलेला, वर जायला जागाच उरलेली नाही. जरा खड्डा आला की बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळणार, आणि हे वळणात झालं तर त्या चाकाची स्प्रिंग एका क्षणात दगडासारखी होते आणि ग्रिप सुटते. ज्या हँडलिंगसाठी पैसे घातले तेच गेलं.

खाली घेतल्यावर अलाइनमेंट न करणं हा आणखी एक प्रकार. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो (वरून बघता चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही बदललेले असतात. बाहेरून बघितलं तर टायर मस्त, नक्षी शाबूत, मालक पण खूश. चाक वळवून आत हात घातला की आतल्या कडेला रबर संपून तारा बोटाला लागतात. असं टायर घेऊन लोक समृद्धीवर जातात.

ज्यांना करायचंच आहे त्यांना माझं सांगणं असं की आपल्या गाडीसाठी बनलेल्या स्प्रिंग घ्या, त्याला जुळणारे शॉकअप घ्या, आणि आपल्या रस्त्यांवर 25-30 मिमीच्या पुढे जाऊ नका. आधी सपाट जागेवर चारही चाकांच्या मधल्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत माप घेऊन लिहून ठेवा. मग घरची माणसं आणि सामान बसवून परत घ्या, कारण भरलेली गाडी मागून सहज 40-50 मिमी बसते, म्हणजे 170 मिमीचं ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) कागदावर, रस्त्यावर नाही. शॉकअपच्या रॉडला एक झिप टाय (प्लास्टिकची पट्टी) घट्ट बांधून नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारा, टाय कुठवर सरकला त्यावरून बंप स्टॉपरपर्यंत किती जागा उरली ते डोळ्यांनी दिसतं. रॅलीवाले मातीच्या रस्त्याला गाडी उंच ठेवतात आणि डांबरी रस्त्याला खाली घेतात, रस्ता बघून उंची ठरते. आणि आरटीओत आधी विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मधे तेच सांगितलंय. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

आता महापालिकेला. खाली घेतलेली गाडी स्पीडब्रेकरला घासली की दोष गाडीवाल्याचा असं धरून चालतात, पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असायला हवा, ताशी 25 किमीच्या स्पीडने पार होईल असा, 40 मीटर आधी बोर्ड आणि वर पट्टे. मी हिशोब करून बघितला. 2.45 मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी अशा स्पीडब्रेकरवर मधोमध आली तर चाकांच्या मधे तो फक्त 44 मिमी वर येतो, म्हणजे 120 मिमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडीही आरामात निघते. पण आपल्या कॉलन्यांमधे रहिवाशांनी किंवा ठेकेदाराने डांबराचा फूट-दीड फूट रुंदीचा ढिगारा टाकलेला असतो, तो दोन चाकांच्या मधे पूर्णच्या पूर्ण शिरतो, तो सहा इंच असेल तर चार माणसं बसलेल्या कंपनीच्या गाडीचंही चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) लागतं. चेंबर फुटलं, ऑइल गेलं आणि लक्षात न येता गाडी चालवली की इंजिन बसलंच. रुग्णवाहिकेला तिथे काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालीच आहेत, तर नवीन रस्त्यावर टाकला जाणारा प्रत्येक स्पीडब्रेकर या मापात आहे का हे बिल पास करायच्या आधी टेप लावून बघावं आणि कॉलन्यांमधले मनमानी ढिगारे काढून टाकावेत, एवढी मागणी तुमच्या पेपरमार्फत महापालिकेच्या बांधकाम विभागापर्यंत पोचवावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक