उंबरगावच्या आधीच थांबलेली मैना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदा 1 मेला आमच्या ठाण्यात एका मंडळाने मराठी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गायक पंचविशीतला, आवाज खणखणीत. त्याने 'माझी मैना गावावर राहिली' उचललं तशा मागच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या आल्या. मैनेचं रूप झालं, कोल्हापुरी साज झाला, वज्रटीक झाली, पायातल्या मासोळ्या झाल्या आणि गाणं संपलं. निवेदिका म्हणाल्या, "किती गोड विरहगीत!"

गोड आहेच. पण ते तिथं संपत नाही. अण्णाभाऊ साठ्यांची ही छक्कड, म्हणजे लावणीच्या घाटाचं गाणं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. गडी पोटासाठी मुंबई गाठतो, बायको गावी राहते, आणि ऐकणारा तिच्या आठवणीत पुरता रमला की शाहीर सांगतो, खंडित महाराष्ट्राचीही हीच गत आहे. मग येतात बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव, हा तुटलेला मुलूख. अर्ध्यावर सोडलं की शाहिराचा सगळा डाव वाया.

माझे वडील साताऱ्याकडून गिरणीत आले. आई गावी, हे परळच्या खानावळीत. लग्नानंतरची सात वर्षं त्यांचा संसार मनीऑर्डरच्या मागच्या चार ओळींत चालला. राजकारणाचा त्यांना कंटाळा, पण शाहीर अमर शेखांना ऐकायला पाळी बदलून जात. दाढी करताना ही छक्कड गुणगुणायचे, ती उंबरगावपर्यंत. मधे थांबलेलं मला आठवत नाही. बायकोपासून तुटलेला माणूस आणि बेळगाव मागणारा माणूस त्यांच्या लेखी एकच होता.

आता ठाणेकरांसाठी मुद्द्याची गोष्ट. यातला उंबरगाव पूर्वी आपल्याच जिल्ह्यातला तालुका होता. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यातली बरीचशी गावं गुजरातेत गेली, उरलेली तलासरीकडे राहिली. तलासरीही 2014 पासून पालघर जिल्ह्यात. वेठबिगारीविरुद्ध 1945 साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासी उठले, तो हाच मुलूख. वागळे इस्टेटला माझ्या खात्यात उंबरगाव तालुक्यातल्या संजाणचा एक जण होता. गेटसभेत कुणी मैना म्हटली की गडी गप्प बसून असायचा, आणि 'उंबरगाव' आलं की डब्याच्या झाकणावर थाप मारायचा. "आमचं गाव निदान गाण्यात तरी महाराष्ट्रात आहे," म्हणायचा. बेळगावचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं नाव अधूनमधून बातम्यांत तरी येतं. डांग-उंबरगाव मी कित्येक वर्षांत कुठल्याही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. एका गाण्यात ही नावं टिकलीत, तर तीही आपण पाच मिनिटांत बसत नाहीत म्हणून कापायची?

ही गाणी जुनी झाली, असं कुणी म्हणेल. 11 मार्च 2018 च्या रविवारी शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाण्यावरून मुंबईकडे निघाला, तेव्हा आम्ही काही जण हायवेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होतो. पायांना फोड आलेल्या बाया साने गुरुजींचं 'आता उठवू सारे रान' म्हणत होत्या. चाल थोडी वेगळी होती, चालण्याच्या ठेक्यात बसवलेली. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, मुलांचा खोळंबा नको म्हणून त्याच रात्री ती माणसं पुढे आझाद मैदानाला चालत गेली. लोककवी वामनदादा कर्डकांनी गाण्यातून धनाचा साठा आणि आमचा वाटा कुठे आहे असं विचारलं होतं. त्याचं उत्तर त्या बायांना मिळालेलं दिसत नव्हतं.

मंडळाच्या नावाने बोटं मोडायला हे पत्र नाही. निवेदिकेला कुणी सांगितलं नसेल, वेळेचंही गणित असतं. एवढंच म्हणणं आहे की वेळ नसेल तर दुसरं गाणं घ्या, लावण्यांची काय कमी आहे? मैना घ्याल तर पूर्ण घ्या.

कार्यक्रमानंतर मी त्या गायकाला भेटलो. त्याने मोबाइल दाखवला, स्क्रीनशॉटमध्ये दोनच कडवी. "काका, मला एवढंच पाठवलंय." उरलेलं मी वडिलांच्या चालीत म्हणून दाखवलं. पोराने ते तिथंच रेकॉर्ड करून घेतलं आणि विचारलं, "उंबरगाव नेमकं कुठं आलं?" मी त्याला स्टेशनं सांगितली: डहाणू, घोलवड, बोर्डी, मग उंबरगाव.

आपला,
एक जुना वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)