शाळेच्या चिठ्ठीतले इंग्रजी

महोदय,

परवा नातवाच्या शाळेतून पालकसभेची चिठ्ठी आली. शाळा इंग्रजी माध्यमाची, फी भरताना मुलाची आणि सुनेची ओढाताण होते. चिठ्ठीत चार ओळी आणि चुका तीन: ‘डिस्कस अबाउट’, ‘वन ऑफ द पेरेंट’, ‘रिटर्न बॅक’. खाली सही आणि गोल शिक्का. मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्यामुळे लाल पेन घेतल्याशिवाय राहवले नाही. ‘डिस्कस’मध्येच ‘विषयी’ आले, ‘रिटर्न’मध्ये ‘परत’ आले आणि ‘वन ऑफ’नंतर अनेकवचनच हवे. हे ज्यांनी मुलांना शिकवायचे, त्यांनीच चुकायचे?

मात्र ‘आय ॲम हिअर ओन्ली’ म्हणणाऱ्याला जे हसतात, त्यांचा मला याहून जास्त राग येतो. ‘मी इथेच आहे’ यातला ‘च’ इंग्रजीत ठेवायला जागा नाही, म्हणून बोलताना ‘ओन्ली’ शेवटी येतो. ‘गुड नेम’ही आपल्या ‘शुभनावा’तून आले. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा शब्द तर आपल्याच देशात रुळला आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. बाजारात, बसमध्ये, फोनवर कोणी असे बोलले तर त्यात लाज कसली? माझी तक्रार शिक्का मारलेल्या कागदाबद्दल आहे, कारण मुले तो बिनचूक आहे असे समजून वाचतात.

दुरुस्त केलेली चिठ्ठी मी नातवाच्या दप्तरातून शाळेत पाठवली आहे. पुढची चिठ्ठी छापण्याआधी इंग्रजीच्या एखाद्या शिक्षकाच्या नजरेखालून जावी, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा