गाविलगडावरच्या भाऊ, तुमच्या डाव्या हातासाठी

भाऊ,

मार्चच्या शेवटच्या रविवारी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर तुमच्यासोबत सगळ्यांच्या मागे एक बाई आणि एक दहा वर्षांचा मुलगा चालत होते. ती बाई मी. मुलगा माझ्या बहिणीचा. तुमची लेक नववीत आहे आणि मोबाइलवर सगळं वाचते, असं तुम्ही देवतलावाच्या काठावर सांगितलं होतं. तिने तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून हे लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण त्या दिवशी चारचौघांत तुमचा अपमान झाला आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले. ते अजून मनाला लागून राहिलंय.

खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. तुम्ही आमचे वाटाडे, आणि आमच्या ग्रुपचा लीडर तुमच्या मजुरीवरून घासाघीस करत होता. "गड मला पाठ आहे, नियम आहे म्हणून तुम्हाला घेतोय," हे त्याने तुमच्या तोंडावर म्हटलं. मग त्याचं लक्ष तुमच्या काठीकडे गेलं. वरच्या टोकाला सुतळीने चार-पाच घुंगरं बांधलेली होती. "हे काढा आधी. लोक पैसे भरून जंगल बघायला आलेत, वरात बघायला नाही." तुम्ही काही बोलला नाहीत. गाठ सोडलीत, घुंगरं शर्टाच्या खिशात टाकलीत.

आणि मग त्याने आम्हा सोळा जणांना उभं करून सूचना दिल्या. बोलायचं नाही, पावलांचा आवाज करायचा नाही, म्हणजे प्राणी दिसतील. आमच्या पोराने विचारलं, "अस्वल आलं तर?" त्यावर तो हसला. म्हणाला, उताराकडे पळायचं, त्याच्या डोळ्यांवर केस येतात, त्याला दिसत नाही. नाहीतर सरळ झाडावर चढायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. तुम्ही मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "बोलत चाला ताई. मुक्यानं चालाचं नाई अथी."

मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही, याचा तेव्हापासून खूप विचार केला. मी अकोल्यात वाढले. आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचा. नाकात वेसण घातलेली, डमरू वाजला की ते मागच्या पायांवर उभं राहायचं. पोरं बिचकू नयेत म्हणून आजी त्याच्या केसाचा ताईत मागून घ्यायची. त्या जनावराचे दात आणि नखं काढून टाकलेली असायची, हे मोठेपणी कळलं. आणि दुसरं अस्वल गोष्टीतलं, दोन मित्रांच्या. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडतो, अस्वल येऊन कानाशी हुंगून निघून जातं. आम्हा शहरातल्या माणसांना अस्वल माहीत आहे ते एवढंच. तेवढ्या माहितीवर मी दुसऱ्याचं लेकरू घेऊन मेळघाटात शिरले होते.

ग्रुप पुढे निघून गेला. पोराची बुटाची लेस दोनदा सुटली, तुम्ही दोन्ही वेळा थांबलात. पुढच्या कोणी मागे वळून पाहिलं नाही.

त्या पडक्या भिंतीपाशी मला आवाज आला. विहिरीवरचा पंप हवा ओढायला लागला की होतो ना, तसा. फर्रर्र, मग थोडं थांबून पुन्हा फर्रर्र. मी पोराला म्हटलंसुद्धा, "कुठेतरी मोटर चालू आहे बघ." तुमची काठी आमच्यासमोर आडवी आली. तुम्ही नुसते ओठ हलवलेत: वारूळ. तो आवाज अस्वलाच्या मादीचा, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तिचे वरचे पुढचे दोन दात मुळातच नसतात, त्या फटीतून ती वारुळातली माती फुंकून उडवते आणि वाळवी ओढून घेते. डोकं बिळात, कानात स्वतःचाच आवाज. अशा वेळी तिला माणूस आलेला कळत नाही आणि माणूस अगदी जवळ जाऊन पोहोचतो. वारासुद्धा तिच्याकडून आमच्याकडे येत होता. आम्ही मुक्याने चालत होतो. घुंगरं तुमच्या खिशात होती.

तुम्ही हाताने मागे व्हा अशी खूण केलीत. तीन-चार पावलं मागे गेलो असू. पोराची स्टीलची बाटली दगडावर आपटली.

पंप बंद पडला.

भिंतीमागून आधी नुसतं काळं काहीतरी वर आलं. मग छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. आमच्यात वीसेक पावलांचं अंतर असेल. ती मागच्या पायांवर उभी होती, नाक वर करून वास घेत होती, आणि तिच्या पाठीवर काहीतरी हललं. दोन पिल्लं. पाठीवरच्या लांब केसांत मुठी रुतवून बसलेली. माझं उजवं पाऊल आपोआप उताराकडे वळलं, हे मला स्पष्ट आठवतं. अर्ध्या तासापूर्वी शिकवलेलं शरीराने लगेच उचललं होतं.

"पयू नोको. कोनीच पयू नोको." गोठ्यातली म्हैस बुजली की जसं बोलतात, त्याच आवाजात.

आणि तुमचा डावा हात मागे आला.

भाऊ, या हाताबद्दल लिहायचं म्हणून हे सगळं पत्र. तुम्ही तिच्यावरची नजर काढली नाहीत, मान वळवली नाहीत. नुसता हात मागे आला, तळवा उघडा, बोटं थोडी वाकलेली. अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, पहिल्या बोटाच्या टोकाला चुना लागलेला होता. हा हात कोणासाठी आहे हे कोणी सांगावं लागलं नाही. आमच्या पोराने त्यात आपला हात ठेवला.

मी तेव्हापासून रोज एकच विचार करते. तुमच्याकडे दोनच हात होते. समोर पिल्लांची आई उभी, तुमच्याजवळ एक काठी. अशा वेळी कोणताही माणूस ती काठी दोन्ही हातांनी धरेल. त्यात कोणी चूक काढणार नाही. तुम्ही एका हाताने काठी धरलीत आणि दुसरा हात, ज्याला सकाळपर्यंत तुम्ही पाहिलंही नव्हतं त्या पोराला दिलात.

मी पोराच्या मागे होते, त्याच्या खांद्यांना धरून, टाचेने दगड चाचपत मागे सरकत होते. एकदा ती भुंकल्यासारखी ओरडली, धपकन चारी पायांवर आली आणि आमच्या दिशेने धावली. पाच-सहा ढांगा. तेवढ्यात तुम्ही थांबलात. काठी आडवी धरून, मारण्याच्या पवित्र्यात नाही, नुसते उभे. ती थांबली. तुम्ही तिला म्हणालात, "जाय माय, जाय. आमी चाललो."

माय म्हणालात तुम्ही तिला.

ती फुसफुसली, वळली आणि घाणेरीच्या जाळीत शिरली. पिल्लं पाठीवर हिंदकळत होती. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं झाली असतील.

घरी आल्यावर पोराने मला सांगितलं, "मावशी, ते काका हात दाबायचे. दाबला की एक पाऊल मागे. धावत आली तेव्हा त्यांनी दाबून धरला, सोडलाच नाही. मग कळलं की थांबायचं." त्याने पावलं मोजली होती. एकतीस. मला यातलं काहीच कळलं नव्हतं. तुम्ही दोघं बोलत होतात आणि मी ऐकलंच नव्हतं.

देवतलावाशी बसलो तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की पाण्याचं झाकण उघडेना. तुम्ही ते उघडून दिलंत. "मी सांगत होतो" हे तुम्ही म्हणाला नाहीत, आणि तुमचा तो हक्क होता. तुम्ही खिशातून घुंगरं काढलीत, सुतळीचं एक टोक दातात धरलंत आणि ती काठीला परत बांधलीत. एक घुंगरू कमी भरलं. तुम्ही खिसा उलटा करून पाहिलात, पायाखाली पाहिलंत, मिळालं नाही.

मग पोराने प्रश्न विचारले आणि तुम्ही त्याला मोठ्या माणसासारखी उत्तरं दिलीत. झाडावर? ती आपल्यापेक्षा लवकर चढते, मध काढायला चढतेच की. उतारावर? पळणाऱ्याच्या मागे ती उतारावरही तेवढ्याच जोराने येते. तिची नजर मंद असते, नाक तेवढं तेज, म्हणून लांबूनच तिला कळू द्यायचं की आपण येतोय. घुंगरू ऐकू जाईलच असं नाही, वारा उलटा असला तर तोंडाने बोलत जायचं, खोकायचं, काठी दगडावर वाजवायची. दिसली तर हळूहळू मागे सरायचं, तिला जायला वाट ठेवायची. अंगावर आलीच तर पालथं पडायचं आणि मान-डोकं दोन्ही हातांनी झाकायचं, कारण ती तोंडावर येते. पिल्लांची आई दिवसा फिरते, कारण रात्री वाघ आणि अस्वलांचे मोठे नर बाहेर असतात. "ते आपल्याले खात नाई, बापू. भेते ते. भेलेलं जनावर लय वाईट."

आणि तुमच्या काकीचं सांगितलंत. पहाटे अंधारात मोह वेचायला गेलेली, खाली वाकलेली. त्याच झाडाखाली एक अस्वलाची मादीही मोहच खायला आलेली. काकीचा एक डोळा गेला, गालाचं हाड मोडलं. दुसऱ्या वर्षी काकी पुन्हा मोहाला गेली, कारण मोह नाही तर वर्षभराचं मीठ-मिरची नाही. मी विचारलं, राग येत नाही का तिला? तुम्ही म्हणालात, काकी म्हणते, मी वाकलेली होती, तिले काय दिसलं असन. हे ऐकून मला आमच्या लीडरची आठवण झाली. काकीसारख्यांनी डोळे गमावून जे शिकलंय, तेच तुम्ही काठीला बांधून आणलं होतं. त्याने ते खिशात घालायला लावलं.

तो बसमध्ये भेटला. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "कोणाला लागलं नाही ना? मग झालं तर." आणि लगेच पुढचं वाक्य: "फोटो काढला का?" त्याच्या ग्रुपचं नाव मी इथे लिहीत नाही, माझं त्याच्याशी वैर नाही. पण जो माणूस दुसऱ्यांची मुलं जंगलात नेतो आणि ऐकीव गोष्टी छातीठोकपणे सांगतो, त्याने कोणाचा तरी जीव जाईपर्यंत थांबू नये एवढीच माझी कळकळ आहे. मेळघाटात 1974 पासून व्याघ्रप्रकल्प आहे, तिथे त्याही आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या कोरकू राहतात, गवळी राहतात. गाविलगडाच्या नावातच गवळी आहेत. तिथे जाऊन त्यांनाच "तुमची गरज नाही" म्हणायला जीभ कशी रेटते?

निघताना मी तुमच्या हातात जास्तीचे पैसे ठेवायला गेले. ठरलेले तेवढेच घेतलेत, बाकीचे परत दिलेत, आणि म्हणालात, "लेकराले आठ दिस एकटं निजू देऊ नोका. रातचं बिचकीन ते." भाऊ, ते खरोखर बिचकलं. तिसऱ्या रात्री घामाघूम होऊन उठलं. मी शेजारी होते, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. नाहीतर मी त्याला दुसऱ्याच दिवशी त्याच्या खोलीत पाठवलं असतं.

बहिणीला फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. ती आली तेव्हा समोर बसवून सांगितलं. ती रडली नाही, मला बोलली नाही. तिने पोराचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला, आणि विचारलं, "हाच का?" तो म्हणाला, हो.

चांगुलपणाबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात. मीही बोलत आले आहे, शाळेत शिक्षिका आहे, बोलावं लागतं. पण त्या दिवशी मला तो इतका जवळून दिसला की त्याच्या बोटाला लागलेला चुनासुद्धा दिसला. आपल्याला कमी लेखणाऱ्या माणसांचं लेकरू तुम्ही सांभाळलंत, आणि जिने आमच्यावर चाल केली तिलाही वाट दिलीत. दोघांशी एकाच आवाजात बोललात. असा माणूस गडाच्या दारात रोज पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस सहन करतो, याची मला लाज वाटते. त्या घासाघिशीच्या वेळी मी तिथे होते आणि म्हटलं नाही की अहो, द्या ना त्यांना. ते आज म्हणते. उशीर झाला हे मला कळतं.

माझी बहीण लहानपणी कथक शिकायची. तिचे घुंगरू तिने इतकी वर्षं फडक्यात बांधून ठेवले होते, कोणाला हात लावू देत नसे. परवा तिने गाठोडं सोडलं आणि पोराला म्हणाली, निवड. त्याने एकेक घुंगरू कानाशी हलवून पाहिलं, ज्यांचा आवाज बसला होता ती बाजूला काढली. चांगल्या आवाजाची बारा उरली. जाड दोऱ्यात ओवून ठेवली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं चिखलदऱ्याला येतो आहोत, तेव्हा घेऊन येऊ. काठीला कुठे बांधायची ते तुम्ही दाखवाल म्हणून त्याने दोऱ्याची दोन्ही टोकं लांब सोडली आहेत. आणि यावेळी गडावर चढताना पूर्ण रस्ताभर तोच बोलत राहणार आहे, असं त्याने तुम्हाला कळवायला सांगितलंय.

तुमची,
पोराची मावशी