इंजिनं बंद करायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. इचलकरंजीत काढलेल्या वर्षांमुळे तुम्ही मराठी सहज वाचता, म्हणून हे पत्र मराठीतच. उघडं लिहितो आहे, कारण हिवाळा लागला की आपल्याकडून मोटरसायकली घेऊन जैसलमेरच्या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून ते जावं असं वाटतं.

वाळूत मोटरसायकली चालवायला तुम्ही जागा दाखवलीत त्याचे आभार आहेतच. पण मनात घर करून राहिली आहे ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक धोऱ्याच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीच्या, पायथ्याशी तुम्ही हात वर करून इंजिनं बंद करायला लावलीत, जोडे काढलेत, अनवाणी माथ्यापर्यंत चालत गेलात, पलीकडे पाहिलंत आणि मगच हाताने खूण केलीत. एकाही धोऱ्याला हे चुकवलं नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही कुणी देणार नव्हतं.

थारमध्ये वाळू सरकवणारा मोठा वारा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे धोऱ्याची नैर्ऋत्येकडची बाजू सौम्य चढाची आणि दाबून बसलेली असते, गाडी तिच्यावरून सरसर चढते. ईशान्येची बाजू म्हणजे ३२ ते ३४ अंशांवर कशीबशी टेकून राहिलेली सुटी वाळू. खालून वेगात येणाऱ्याला माथ्यापुढे फक्त आभाळ दिसतं. आणि हिवाळ्यात दुपार कलली की सावली पडते ती नेमकी त्याच ईशान्येच्या अंगाला. मेंढ्या घेऊन फिरणारा माणूस टेकायला तिथेच बसणार, त्याची पोरंही तिथेच खेळणार. ते आपल्याला दिसत नाहीत, आणि वाळूत आवाजाचा अंदाज येत नाही म्हणून त्यांनाही आपण कळत नाही. तुम्ही त्यांच्यासाठी चढत होतात काका.

अनवाणी का, हेही तिथेच उमगलं. टाच नुसती उमटली तर वाळू गाडी पेलते. पाऊल घोट्यापर्यंत गेलं तर तिथे थांबायचं नाही, वळायचं नाही, पहिल्याच दमात पार व्हायचं. सकाळच्या गारव्यात जी वाळू घट्ट लागते तीच दुपारी कोरडी पडून ढिली होते, शिवाय डोक्यावरच्या उन्हात सावल्या नाहीशा होऊन चढउतारच कळत नाहीत. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतरच चालवा, हा तुमचा हट्ट आता पुरता पटला आहे.

तुमच्याआधी ज्यांनी पैसे घेऊन 'गुप्त जागा' विकली त्यांच्याबद्दल चांगलं बोलता येत नाही. नकाशावरची एक खूण पाठवली की त्यांचं काम संपलं. ती खूण होती राष्ट्रीय मरू उद्यानाच्या हद्दीत. जैसलमेर आणि बाडमेर मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरचं, १९८० पासून संरक्षित असलेलं ते क्षेत्र आहे. माळढोक तिथे उघड्या जमिनीवर घरटं न बांधता बहुधा एकच अंडं घालतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हा पक्षी कसा दिसेनासा होत गेला हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी गाड्या धाडणाऱ्याला वाळूही कळत नाही आणि जनाची लाजही नाही.

उपग्रहाच्या नकाशावर जागा कशी हेरायची याचे आमच्याकडे बरेच ठोकताळे होते. धारदार सावली म्हणजे सुट्या वाळूचा उतार. गडद ठिपके म्हणजे फोगाची झुडपं किंवा सेवण गवत, म्हणजे स्थिरावलेली वाळू. पण जिथे ठोकताळे फसतात ते तुम्ही दाखवलंत. धोऱ्यावर चौकडीच्या वहीसारख्या रेघा दिसल्या तर ती वाट नव्हे. जोधपूरच्या 'काझरी'ने, म्हणजे कोरडवाहू वाळवंटी भागावर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेने, रुजवलेल्या पद्धतीने, वाळू उडू नये म्हणून काटक्यांचे बुटके आडोसे रोवून झाडं लावलेली असतात. त्यावरून एक गाडी गेली की तिथूनच वारा पुन्हा वाळू उकरू लागतो. आणि उन्हाळ्यातल्या चित्रात जी सपाट, फिकट, मोकळी जमीन पाहून हात शिवशिवतात ती कित्येकदा खडीन असते. पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, ही इथल्या पालीवाल ब्राह्मणांची शतकांची रीत. आपण जातो त्या डिसेंबरात तिथे पीक उभं असतं. ओरण, म्हणजे देवराईची जमीन, तर देवाची, तिथे झाडाची फांदीही तोडत नाहीत. म्हणून चित्रावर कधीच्या महिन्याचं आहे ते आधी पाहावं, मग गावात जाऊन विचारावं. रामगढहून तनोटला जाताना दोन्ही बाजूंना उंच धोरे खुणावतात, पण रस्ता खुला आहे म्हणून रस्त्याबाहेरची वाळू खुली ठरत नाही. सीमेलगत प्रशासनाची परवानगी लागते आणि पोखरणच्या गोळीबार क्षेत्राकडे तर फिरकूच नये.

टायरमधल्या हवेबद्दलही लिहायला हवं, कारण बहुतेकांची फजिती तिथे होते. रस्त्यावरचं २५ ते ३२ पीएसआय वाळूत चालत नाही. १२ ते १५ वर आणलं की टायर पसरतो आणि तरंगतो. पण इतक्या कमी हवेत टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. तुम्ही प्रत्येक व्हॉल्व्हची रिमला आवळलेली चकती सोडवून वर टोपणापर्यंत आणलीत. आता ट्यूब सरकली तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो, फाटण्याआधी कळतं. रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी पकड, नसलेल्या गाडीला १२ च्या खाली न्यायचंच नाही. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी पंपाने हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. चेनला ओलं वंगणही लावायचं नाही, वाळू चिकटून तिची कानस होते.

चाक रुतलं की पोरं अ‍ॅक्सिलरेटर पिळतात, चाक आणखी खाली जातं आणि क्लच जळल्याचा वास सुटतो. तुमचं उत्तर शांत होतं. इंजिन बंद, गाडी आडवी, खड्डा पायाने बुजवा, गाडी उभी करा, उताराकडे तोंड करून निघा. उतरताना नाक सरळ खाली. तिरकं गेलं की सुटी वाळू गाडीला बाजूने ढकलून पाडते.

अनोळखी माणसासाठी एवढं करणारे लोक आहेत, आणि ते बहुधा कुठल्या पाटीखाली बसलेले नसतात. पलीकडे आपल्या ओळखीचं कुणी नसतानाही वर चढून पाहणं, याला आम्ही सज्जनपणा म्हणतो. जागेचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, विचारलं तरी सांगणार नाही. ज्याला जायचं त्याने गावात उतरून, चहा घेऊन, तुमच्यासारख्याला विचारून जावं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. तुमच्या हवा मोजायच्या गेजचा काटा शून्यावर येत नाही हे लक्षात होतं, म्हणून ० ते ३० पीएसआयचा नवा गेज, चार व्हॉल्व्ह कोअर आणि एक हातपंप पार्सलने पाठवला आहे. परत पाठवू नका.

आपला,
पुण्याहून आलेल्या पोरांपैकी एक