शाळेच्या वेळेत आमचा मोबाइल जरा गप्प राहू द्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत कामात लक्ष कसं टिकवायचं यावर लेख आला होता. वाचला, चांगला होता, म्हणजे नोटिफिकेशन बंद ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पंचवीस मिनिटांचा टायमर लावून एकच काम करा मग पाच मिनिटं विश्रांती, सगळं पटण्यासारखं आहे. पण मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवते, आमच्या शाळेला खोल्याच दोन, दुसऱ्या खोलीत मोबाइल ठेवला तर तिथे तिसरी-चौथीचा वर्ग चालू असतो आणि तिथल्या सरांचा मोबाइल आधीच तिथे वाजत असतो. त्यामुळे हा सल्ला आमच्यासारख्यांना कसा लावायचा ते काही कळेना, म्हणून हे पत्र.

लेखात सगळीकडे असं धरलंय की लक्ष विचलित होतं ते आपल्या सवयीमुळे. रील बघतो, क्रिकेटचा स्कोअर बघतो, मग काम राहतं. असं होतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला वरूनच दर अर्ध्या तासाने कोणीतरी हाक मारतं त्याने काय बंद करायचं? आमच्याकडे आदेशच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. शिक्षण संचालनालयातून निघालेलं पत्र शिक्षणाधिकारी कार्यालयात, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र असतं) आणि तिथून केंद्राच्या ग्रुपवर, आणि प्रत्येक पायरीवर मुदत थोडी थोडी कमी होत होत आमच्यापर्यंत येतं तेव्हा त्यावर लाल अक्षरात "अति तातडीचे, आज दुपारी 2 वाजेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. वेळ बघावी तर साडेबारा. खाली आणखी एक ओळ ठरलेली, माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे. म्हणजे आमच्या शाळेत ती गोष्टच नसली तरी ती नाही हे सांगायला वर्ग सोडून मोबाइल हातात घ्यायचाच. मग कोणी उत्तर दिलं नाही की त्या शाळांच्या नावांची यादी ग्रुपवर टाकतात, सगळ्यांसमोर. आता सांगा कोण मोबाइल सायलेंटवर ठेवेल.

आणि काय काय मागतात ते बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. मुलांची हजेरी चॅटबॉटवर, पोषण आहाराला किती मुलं जेवली ते अ‍ॅपवर रोजच्या रोज, आधार व्हॅलिडेशन म्हणजे मुलांची आधार पडताळणी, अपार आयडी म्हणजे प्रत्येक मुलाचा शैक्षणिक ओळख क्रमांक, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती भरायचं सरकारी पोर्टल, मग अभियानं आली की त्यांचे फोटो. हर घर तिरंगाचे फोटो, एक पेड माँ के नामला मुलाचा रोपाबरोबरचा फोटो, मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळाच्या वेळी तर बाग, स्वच्छतागृह, हात धुवायची जागा, सगळ्याचे फोटो अपलोड करायचे होते. अभियानं वाईट आहेत असं कोणी समजू नये, झाडं मुलांनी हौसेनं लावली, रोज पाणी घालतात. पण झाड लावायला लागतो त्याहून जास्त वेळ त्याचा फोटो चढवायला लागतो, कारण आमचं गाव डोंगरात आहे आणि रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. मी टाकीपाशी उभी आणि वर्ग देवाच्या भरवशावर.

आता वर्गात नेमकं काय मोडतं ते सांगते, कारण वरच्या लोकांना वाटतं दोन मिनिटांचं तर काम आहे, लिंक भरा आणि शिकवा पुढे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र आहे. दुसरीला हातच्याची बेरीज द्यायची, त्यांना पाच उदाहरणं फळ्यावर लिहून दिली की तेवढ्या वेळात पहिलीच्या मुलांना घेऊन बसायचं, कोणाला काना मात्रा लागतेय, कोण अक्षर ओळखतं पण शब्द जोडत नाही, कोण पाठ करून वाचल्याचं नाटक करतंय (ही मुलं फार हुशार असतात, चित्र बघून अख्खं पान "वाचतात"). हे सगळं डोक्यात एकाच वेळी धरून ठेवावं लागतं. दुसरीतल्या कोणत्या पोराने हातचा डोक्यावर मांडला पण मिळवला नाही हे मला त्याच्या वहीकडे लांबून बघून कळतं, कारण मी काल त्याची तीच चूक बघितलेली असते आणि आज त्याच्यावर डोळा ठेवून असते. अशात मोबाइल वाजला, बघितला, लिंक उघडली, लिंक दोनदा अडकली, पटसंख्या मुलं मुली, जातनिहाय प्रवर्गनिहाय भरून सबमिट केलं आणि वर बघितलं तर पहिलीवाल्यांची पाटीची मारामारी चालू, दुसरीच्या तिघांनी चौथ्याचं बघून उतरवलंय आणि बाई, झालं, बाई, झालं असा एकच गलका. घड्याळात दहा मिनिटंच गेली असतील. पण मघाशी मी त्या पहिलीतल्या मुलीला "स्त" कुठपर्यंत आणला होता, ती कुठे अडत होती, तो धागा गेला तो गेला. परत पहिल्यापासून. आणि मूल मोठ्या माणसासारखं "कुठवर आलो होतो आपण" असं विचारत नाही, ते खिडकीबाहेर बघायला लागतं.

यावर अभ्यासही झालाय. सोफी लेरॉय नावाच्या बाईंनी 2009 साली लिहिलंय की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला की त्याच्या लक्षाचा थोडा भाग मागच्या कामातच राहतो आणि नव्या कामात तो कमी पडतो. हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं म्हणा, पण साहेब लोकांना अभ्यास लागतो म्हणून लिहिलं. मुलांचं वाचन घेताना माझ्या डोक्यात चालू असतं की ती लिंक सबमिट झाली का नुसतंच गोल गोल फिरत राहिलं.

आपण हिशोबच करून बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं. समजा दिवसात तीनच वेळा असा व्यत्यय आला आणि प्रत्येक वेळी दहाच मिनिटं गेली, तर दिवसाला अर्धा तास, 200 दिवसांचे 100 तास. आठातला एक भाग गेला. हे मी कमीत कमी धरलंय, मोजायला बसलं तर साहेब म्हणतील मोजायला वेळ कसा मिळाला.

त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकांना बिगर शैक्षणिक कामाला लावायचं नाही. त्यावरून "आम्हाला शिकवू द्या" म्हणत शिक्षकांचे मोर्चे निघाले, मग ऑगस्ट 2024 मध्ये कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक याची वर्गवारी करणारा शासन निर्णयही आला. चांगलं झालं. पण त्यात काम मोजलं जातं, व्यत्यय मोजला जात नाही. एखादी माहिती शंभर टक्के शैक्षणिक असेल हो, मुलांना पुस्तकं मिळाली का हे विचारणं अशैक्षणिक कसं म्हणणार, पण ती सव्वाअकराला मागितली तर माझी गणिताची तासिका गेलीच ना. ती चारनंतर मागा की. पुस्तकं तोवर कुठे पळून जात नाहीत.

विमानात असा नियम आहे बघा. 1974 साली अमेरिकेत शार्लट इथे एक विमान उतरताना कोसळलं आणि बहुतेक प्रवासी गेले, चौकशीत निघालं की उतरायच्या वेळी वैमानिक भलत्याच गप्पा मारत होते. पुढे 1981 मध्ये तिथे नियम झाला की दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये विमान चालवण्यापलीकडचं काही बोलायचं नाही, करायचं नाही, आणि कंपनीनेही त्या वेळेत वैमानिकाला तसलं काम सांगायचं नाही. मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. नियम एकट्या वैमानिकाला नाही, त्याच्या मालकालाही आहे. वैमानिकाला कोणी ध्यान करा, सकाळी लवकर उठा, मन एकाग्र करा असं सांगत बसलं नाही, जिथे चूक परवडत नाही ती वेळ आखून दिली आणि त्या वेळेत त्याला कोणी छेडायचं नाही असं ठरवलं. सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा वाचायला शिकतं ती वेळ पण तशीच धरायला काय हरकत आहे? तिथे कोणी मरत नाही हे खरं. पण चौथीत गेलेलं मूल वाचत नाही म्हणून भेटीला आलेले अधिकारी शेरेबुकात आम्हालाच लिहून जातात, आणि निपुणची (मुलांना नीट वाचता-लिहिता, बेरीज-वजाबाकी करता यावी यासाठीचं सरकारी अभियान) उद्दिष्टं आम्हालाच विचारतात, तेव्हा ती वेळ कोणी खाल्ली याची नोंद कुठल्या रजिस्टरला नसते.

सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत राइट टू डिस्कनेक्टचं खासगी विधेयक मांडलं होतं, म्हणजे ऑफिस सुटल्यावर साहेबाचा फोन नाही उचलला तरी चालेल असा हक्क. फ्रान्समध्ये 2017 पासून तसा कायदा आहे. आयटीवाल्यांना त्याची गरज असेलच. आमचं मात्र उलटं गाऱ्हाणं आहे, संध्याकाळी सहाला फोन करा, माझी ना नाही, भाकरी थापता थापता माहिती सांगते. साडेदहा ते चार मध्ये करू नका.

आता आमच्या लोकांबद्दलही लिहायला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. ज्या ग्रुपवर तातडीचं पत्र येतं त्याच ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं येतात, सुविचार येतात, आणि कोणाचा वाढदिवस असला तर दिवसभर केक आणि टाळ्या, सर्वांनी एकेकाने हार्दिक शुभेच्छा दादा, त्यांना परत त्या दादांचे धन्यवाद. त्या ढिगाऱ्यात पत्र कुठे गेलं ते शोधायला वर वर सरकवत बसायचं आणि शोधता शोधता बोट दुसरीकडेच जातं, कोणाची बदली झाली, कोणाचा लेख आला, झाली पाच मिनिटं. हे काही संचालनालयाने सांगितलेलं नाही. आमच्या केंद्रात एका मॅडमनी फक्त माहितीचा एक वेगळा ग्रुप काढा, त्यात फक्त केंद्रप्रमुखांनाच टाकता येईल असं करा असं सुचवलं तर काही जणांना राग आला की मग शुभेच्छा कुठे द्यायच्या. असो. पण ही सवय आमची आम्ही सोडवू शकतो, मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावू शकतो, जर त्या कपाटातून दुपारी 2 ची मुदत ओरडणार नसेल तर.

जुने शिक्षक सांगतात की टपाल केंद्रावर यायचं, आठवड्याने कोणीतरी घेऊन यायचं, उत्तराला पंधरा दिवस असायचे. ते दिवस फार छान होते असं मला वाटत नाही, पगारबिलाच्या एका सहीसाठी अख्खा दिवस तालुक्याला जायचा, आता शालार्थ या ऑनलाइन पगाराच्या प्रणालीमुळे तो वाचला. पण कागदाला वेळ लागायचा म्हणून मागणाराही विचार करून मागायचा. आता मागायला काहीच लागत नाही, फॉर्म बनवायचा, लिंक टाकायची, झालं. तीच पटसंख्या यू-डायसला भरलेली, तीच चॅटबॉटला, तीच पोषण आहाराला, आणि परत एक्सेलमध्ये द्या, युनिकोड फॉन्टमध्येच द्या, पीडीएफ चालणार नाही. ज्याच्याकडे आधीच ती माहिती आहे त्या कार्यालयाने ती आपल्याच पोर्टलवरून काढून घेतली तर कोणाचं काय बिघडतं मला खरंच माहीत नाही.

मागणी फार मोठी नाही, पैसे लागत नाहीत, पद भरायला नको. शाळेच्या वेळेत ग्रुपवर काही टाकायचं नाही, टाकायचंच तर पावसाची सुट्टी, पूर, साथ, मुलांच्या जिवाशी संबंधित एवढंच. बाकी सगळं चारनंतर आणि मुदत निदान दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. आठवड्यातला एक दिवस माहितीचा ठरवा, शनिवारी शाळा सकाळची असते, त्यानंतर बसून आम्ही सगळं भरून देऊ. निरंकची अट काढा, ज्यांच्याकडे आहे त्यांनीच कळवावं. पोषण आहाराचा आकडा रोजचा आहे तो राहू दे, तो जेवण झाल्यावर लगेच भरता येतो, त्याला आमची तक्रार नाही. आणि हे पत्रक काढणाऱ्या साहेबांनी ते सकाळी अकराला ग्रुपवर टाकू नये म्हणजे झालं.

वर्तणूक नियमांमुळे माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती. आणि पत्र छापणार असाल तर शक्यतो रविवारच्या अंकात छापा, आडवारी छापलंत तर कात्रणाचा फोटो शाळेच्या वेळेतच सगळ्या ग्रुपवर फिरेल आणि आम्ही सगळे तो वाचत बसू.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका