मूळपुरुष बदलून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
वंशावळ संशोधन विभाग, पुणे

विषय : सासरच्या घराण्याच्या चुकीच्या अहवालाबाबत, फेरतपासणी व रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलजवळ राहते. माझ्या सासऱ्यांचे मूळपुरुष १७३९ साली स्कॉटलंडच्या आर्गाइल भागातून इथे केप फिअर नदीच्या खोऱ्यात आले. त्यांचा शोध घेण्याचे काम मी गेल्या जूनमध्ये ६८,००० रुपये भरून आपल्याकडे दिले. कुलवृत्तांत म्हणजे काय हे मराठी माणसांना समजावून सांगावे लागणार नाही, या विश्वासाने दिले. अहवाल जानेवारीत आला आणि तो वाचून मला हे पत्र लिहावे लागत आहे.

घरात पिढ्यानपिढ्या जपलेला एकच भक्कम कागद आम्ही आपल्याला दिला होता. तो म्हणजे मूळपुरुषांनी इथे जमिनीसाठी केलेल्या अर्जाची नक्कल, तारीख फेब्रुवारी १७३९. आपण तो बाद केला. कारण दिले की आर्गाइलची माणसे सप्टेंबर १७३९ मध्ये उतरली, अर्ज त्याआधीचा, सबब अर्जदार कोणी दुसराच. महोदय, इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत तेव्हा कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. ही पद्धत १७५२ मध्ये बदलली. म्हणजे कागदावरचा फेब्रुवारी १७३९ हा आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १७४०, माणसे उतरल्यानंतर पाच महिन्यांचा. त्याच महिन्यात इथल्या विधिमंडळापुढे या साडेतीनशे माणसांसाठी मदतीची मागणी आली होती. त्यात ती ‘गेल्या सप्टेंबरात’ आल्याचे लिहिले आहे. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारीला वर्ष धरले होते, त्यामुळे दोन्हीकडचे कागद लावताना हा फरक पाहावाच लागतो. मोडी कागदांतले शक, फसली आणि सुहूर सन जुळवणाऱ्यांच्या हातून हे सुटावे, याचे मला फार वाईट वाटले.

खरा कागद काढल्यावर रिकामी झालेली जागा आपण ग्लासगोच्या १७१२ मधल्या एका बाप्तिस्म्याने भरली. आधार काय, तर नाव सारखे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवायची रीत तिथे होती, त्यामुळे एकेका नावाचे चार-चार चुलतभाऊ एकाच गावात निघतात. शिवाय आमची माणसे गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली जुनी भाषा, बोलणारी; ती ग्लासगो शहरातली असण्याला काही आधार नाही. इथल्या बार्बेक्यू चर्चमध्ये १७५० च्या दशकाच्या अखेरीला गेलिकमधून प्रवचने होत, तिथे हे घराणे जात असे. आर्गाइलमधल्या अनेक पॅरिशच्या (एकेका चर्चच्या हद्दीच्या) नोंदवह्या अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच सुरू होतात. सक्तीची सरकारी नोंदणी तर १८५५ पासूनची. मूळपुरुषांचा बाप्तिस्मा कुठे नोंदलेलाच नसेल, हे आम्ही मनाशी धरले होते. ‘नोंद मिळाली नाही’ एवढे लिहिले असते तरी मी पैसे योग्य कामी लागले असे म्हटले असते.

प्रवाशांच्या यादीचे जे पान जोडले आहे, ते १७७४ चे आहे. लंडनच्या खजिना खात्याने देश सोडणाऱ्यांची नोंद ठेवायला कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना सांगितले ते १७७३ च्या अखेरीस. त्या याद्या मी स्वतः वाचल्या आहेत. जमिनीचा खंड वाढला, गुरांचे भाव पडले, भाकरी महागली, अशी माणसांची स्वतःची कारणे त्यांत आहेत आणि ती वाचताना आपल्याकडच्या दुष्काळातली गावे डोळ्यांपुढे येतात. पण ती माणसे आमच्या मूळपुरुषांनंतर पस्तीस वर्षांनी निघालेली. यादीत एक आडनाव जुळते म्हणून ते पान आमचे होत नाही.

सोबत ७,५०० रुपये जादा आकारून ‘घराण्याचे मानचिन्ह’ चौकटीत पाठवलेत. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह आडनावाचे नसते, एका व्यक्तीचे असते. एडिनबर्गच्या लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याकडे त्याची नोंद असते आणि दुसऱ्याचे चिन्ह आपले म्हणून वापरणे तिथे गुन्हा आहे. ती चौकट मी भिंतीवरून उतरवली आहे. खापरपणजीचे नाव एका कागदात एफी आणि दुसऱ्यात युफेमिया आहे म्हणून आपण दोन बायका दाखवल्या आहेत, तेही दुरुस्त करावे. ही एकाच गेलिक नावाची इंग्रजी रूपे आहेत.

माझे सासरे ८४ वर्षांचे आहेत. आपल्या अहवालावर भरवसा ठेवून त्यांनी ग्लासगोची तिकिटे काढली, ‘आपले’ चर्च बघायला. ते चर्च आपले नाही हे त्यांना सांगायचे काम माझ्यावर आले. ते काही बोलले नाहीत, नकाशा घडी घालून कपाटात ठेवला.

मानचिन्हाचे ७,५०० रुपये पूर्ण परत करावेत. उरलेले काम आपल्या खर्चाने, स्कॉटिश कागद वाचता येणाऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून द्यावे आणि प्रत्येक नोंदीपुढे ती पक्की आहे की अंदाज, हे लिहावे. हे तीस दिवसांत न झाल्यास पूर्ण रकमेसाठी मी ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, अहवाल आणि अर्जाची नक्कल सोबत जोडली आहे.

सासऱ्यांचे विमान २० मेचे आहे. ग्लासगोऐवजी आर्गाइलमध्ये कुठे जायचे, एवढे तरी त्याआधी कळवावे.

आपली,
एक ग्राहक
फेएटव्हिल, नॉर्थ कॅरोलायना