मेलबॉक्सची मर्यादा आणि स्पॅम फोल्डर

सर्व यंत्रमागधारक सभासदांना नमस्कार.

आपल्या सर्व्हरवर आता प्रत्येक मेलबॉक्सला २ जीबीची मर्यादा आहे. ती भरली की आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो, मग ती टॉवेलची मोठी ऑर्डर का असेना! ट्रॅशही त्यातच मोजला जातो. तो रिकामा करा. चादरींच्या डिझाइनची फाइल मेलला जोडली की एन्कोडिंगमुळे (पाठवण्यासाठी फाइल अक्षरांत बदलली जाते) साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून एका मेलच्या १० एमबीच्या मर्यादेत ७ एमबीचीच जाते. त्यापेक्षा लिंक पाठवलेली बरी.

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम गाळणारा फिल्टर प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो. त्याची स्पॅम ठरवण्याची पातळी मूळच्या ५ गुणांवरच ठेवली आहे. आणखी कडक केली तर गिऱ्हाइकांची खरी पत्रंही अडकतात. स्पॅम फोल्डर रोज चाळा. कामाचा मेल सापडला तर इनबॉक्समध्ये हलवा, फिल्टर त्यावरून शिकतो.

नव्या पत्त्यावरून पहिला मेल काही मिनिटं उशिरा येईल. ते ग्रेलिस्टिंग आहे, म्हणजे अनोळखी पत्त्याचा मेल सर्व्हर आधी थांबवतो आणि तो पुन्हा पाठवला गेला की घेतो. लगेच फोन करू नका.